आंबोलीच्या रस्त्यावर दिसलेले हे हरीण कोणते?

धुकेवाट

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला जात असताना, सकाळी सहाच्या सुमारास, आंबोली गाव येण्याआधीच्या एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक प्राणी उभा असलेला दिसला. पाऊस नुकताच उघडला होता आणि धुके इतके दाट होते की वीस पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि त्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिवेही मालवले.

उंची साधारण शेळीएवढी, रंग विटकरी, अंगावर ठिपका एकही नाही आणि पाठ मागच्या बाजूला किंचित उंचावलेली, असे ते जनावर होते. शिंगांच्या जागी बोटभर लांबीचे दोन केसाळ खुंट होते आणि त्या खुंटांपासून निघालेल्या दोन काळ्या रेघा कपाळावरून खाली एकमेकींजवळ येत होत्या. मागे बसलेली आई हळूच म्हणाली, "अगं बाई, याने तर नाम ओढलाय!" दोनेक मिनिटे ते आमच्याकडे पाहत उभे होते. मध्येच त्याने लांब जीभ काढून थेट डोळ्याजवळची जागा चाटली, मग पुढचा पाय आपटला आणि शेपटी उभारून ते कारवीत शिरले. आम्ही निघणार तोच उतारावरून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येऊ लागला. एक भुंकणे, थोडा थांबा, पुन्हा एक, असे बराच वेळ चालले होते.

माझ्या चुलतभावाच्या मते तो चौशिंगा असावा आणि त्याची शिंगे मोडली असावीत. फोटो काढायचे कोणाच्याही लक्षात आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

रानवाटा

आपण पाहिले ते भेकर आहे, आणि आपल्या आईंनी एका वाक्यात त्याची सर्वांत पक्की खूण सांगितली आहे. भेकराच्या नराची शिंगे थेट डोक्यावर उगवत नाहीत. कपाळाच्या हाडाचे दोन उंचवटे चेहऱ्यावरून वर चढत जातात, पुढे त्यांचेच केसाळ खुंट होतात आणि त्या खुंटांच्या टोकांवर आखूड शिंगे येतात. त्या उंचवट्यांवरच्या काळ्या केसांमुळे नाम ओढल्यासारखे दिसते.

शिंगे मोडलेली नाहीत, ती गळाली आहेत. सांबर, चितळ आणि भेकर ही खरी हरणे असल्यामुळे त्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात, आणि भेकराच्या बाबतीत हे बहुधा मे-जूनच्या सुमारास घडते. चौशिंगा मात्र काळवीट-चिंकाऱ्याच्या गोतातला आहे, त्याची शिंगे आयुष्यभर टिकतात. शिवाय त्याला कोरडे, मोकळे पानझडीचे रान आवडते. आंबोलीच्या ओल्या दाट झाडीत भेकर दिसण्याचाच संभव अधिक.

भुंकणेही त्याचेच. दाट झाडीत धोका नीट दिसत नसला, तर ते कधीकधी तासभरसुद्धा भुंकत राहते. एक गोष्ट धुक्यात आपल्या नजरेतून सुटली असावी: नराच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात आणि भांडणात तो शिंगांपेक्षा त्यांचाच वापर जास्त करतो.

घाटकरी

ओळख पटली हे उत्तम, परंतु दिवे मालवण्याबद्दल कोणीच काही बोलले नाही म्हणून लिहितो. हा संकेश्वर-बांदा महामार्ग आहे. दाट धुक्यात, वळणावर, दिवे बंद करून उभी असलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. भेकराचे डोळे दिपू नयेत एवढाच हेतू असेल तर प्रखर झोत उतरवून दिवे खाली घेणे पुरेसे आहे, आणि चारही इंडिकेटर चालू ठेवणे तर आवश्यकच. थांबायचेच असेल तर वळण ओलांडून थांबावे, मग जनावर दिसले नाही तरी चालेल. जखमी जनावर आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

मोहफूल

आमच्या विदर्भात रस्त्यावर बहुधा चितळ भेटते आणि तिथे हिशेब निराळा असतो. एक चितळ रस्ता ओलांडून गेले की नवखा माणूस गाडी पुढे दामटतो, आणि नेमके तेव्हाच कळपातली मागची चितळे उड्या घेत येतात. भेकर बहुतेक वेळा एकटेच असते. जूनमध्ये आंबोलीला यायचे बरीच वर्षे मनात आहे, आता आणखी एक निमित्त मिळाले.

धुकेवाट

सर्वांचे आभार. घाटकरी यांचे म्हणणे पटले, वळणावर दिवे मालवणे ही माझी चूकच होती. चुलतभावाला रानवाटा यांचे उत्तर वाचून दाखवले, तो अजूनही चौशिंग्यावर ठाम आहे. आईला नामाचे कारण सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले की नवी शिंगे येईपर्यंत बिचाऱ्याचे भांडण झाले तर तो काय करतो. सुळ्यांचे सांगितल्यावर तिचे समाधान झाले.