मदत हवी आहे: रॅम टाकून विंडोज १० च ठेवावं की लिनक्स मिंटवर जावं?

इंदूरच्या एका मराठी वाचनालयाचा पीसी आहे. आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, डीडीआर३ १६०० रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या, साधी हार्ड डिस्क. निळी स्क्रीन येऊन ‘मेमरी मॅनेजमेंट’ दाखवायचा. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावलं, एकेक पट्टी वेगळी. एकीवर लाल ओळी, म्हणजे एरर. कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसले, स्लॉट बदलला, एरर त्याच पट्टीबरोबर फिरली. म्हणजे बोर्ड ठीक, पट्टी गेली. (तेव्हा ‘लिनक्स टाका, क्रॅश थांबतील’ हा सल्ला कृपया नको. खराब पट्टी तिथेही तेच करणार.)

आता उरलेल्या ४ जीबीवर ब्राउझर उघडला की डिस्क १०० टक्के, कारण पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती जागा) हार्ड डिस्कवर. प्रोसेसर चौथ्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ बाद; १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २५६ जीबीची साटा एसएसडी तर घ्यायचीच आहे.

अडतंय ते इथे:

सिल्व्हर मॉलला किंवा जेल रोडला डीडीआर३ ची खात्रीची ४ जीबी पट्टी मिळेल का? ८ जीबीच्या स्वस्त पट्ट्या ‘फक्त एएमडी’वाल्या निघतात, इंटेल बोर्डावर डिस्प्लेच येत नाही.

मिंटच्या हलक्या एक्सएफसीई आवृत्तीवर कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर कुणी रोज वापरतंय का? आणि श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली जुनी पुस्तकयादी युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं, रफार शाबूत राहिले का? यादी सुमारे सहा हजार नोंदींची, एक्सेलमध्ये आहे. मॅक्रो नाहीत, तेवढं बरं.