ग्लिच म्हणजे बिघाड का?

स्पीडरनचे, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवायच्या खेळाचे व्हिडिओ मी घरच्यांना दाखवतो तेव्हा सोबत मराठीत सांगत असतो आणि दर वेळी ग्लिच, म्हणजे बनवणाऱ्यांनी न योजलेलं काहीतरी गेममध्ये घडणं, या शब्दापाशी अडतो. बिघाड म्हणवत नाही हो. बिघाड झाला की वस्तू चालायची थांबते. सुपर मारिओ ६४ (१९९६) या गेममधली बीएलजे, म्हणजे मारिओची उलटी लांब उडी बघा. पुढे जायच्या वेगाला प्रोग्राममध्ये मर्यादा घातलीय, मागे जायच्या वेगाला घातलेलीच नाही, मग जिन्यावर पटापट उलट्या उड्या मारत राहिलं की वेग वाढतच जातो आणि ७० तारे जमवल्याशिवाय न संपणारा तो जिना मारिओ एका झटक्यात पार करतो! यात बिघडलं काय? यंत्र सांगितलं तेवढंच करतंय. कुणाकडे चांगला शब्द आहे का?

– बग आणि ग्लिच यांची गल्लत नको एवढंच म्हणेन. बग म्हणजे चूक, ती कोडमध्ये असते, ग्लिच पडद्यावर दिसतो. ग्लिच हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचाही शब्द, अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी १९६२ मध्ये त्याचा अर्थ व्होल्टेजमधला अचानक चढउतार असाच सांगितला होता. तिथे बिघाड चालेल कदाचित, गेममध्ये नाही.

– 'मेख' कसा वाटतो? "खरी मेख तिथेच आहे" म्हणतोच की आपण. मेख सापडली, मेख वापरली, छान बसतंय.

– मेख सुंदर शब्द आहे पण दादा, मेख कुणीतरी मारून ठेवलेली असते, मुद्दाम. उलट्या उडीचं तसं नाही, ती नजरेतून सुटलेली गोष्ट आहे आणि १९९७ च्या जपानी आवृत्तीत गेम बनवणाऱ्या निन्टेंडोने ती बुजवली सुद्धा. बुजवतात ती फट, म्हणून माझं मत 'फट'ला. पळवाट अजिबात नको, त्यात लबाडीचा वास येतो आणि ही स्पीडरनवाली माणसं वर्षानुवर्षं एकेक फट शोधतात, ती दुसऱ्यांना समजावून सांगतात, त्यांना लबाड कसं म्हणायचं.

– फटला माझंही मत. याच गेमवरचा पॅननकूक या यूट्यूबरचा २०१६ चा 'अर्ध्या ए प्रेस'वाला व्हिडिओ कुणी पाहिला नसेल तर आज रात्रीच बघा, उडी मारायचं ए बटण कमीत कमी वेळा वापरून तारा कसा मिळवायचा एवढाच विषय, पण त्यासाठी मारिओ १२ तास नुसता वेग साठवत बसतो आणि हे सगळं तो माणूस इतक्या शांतपणे, गणित मांडून समजावतो की बघतच राहावं. पुष्कळ लोक अर्धं बटण या कल्पनेलाच हसले होते. मराठीत सांगून बघा, दाबलं, दाबून धरलं, सोडलं, तीन वेगळ्या क्रिया आहेत. लेव्हलमध्ये शिरतानाच बटण दाबून धरलेलं असेल तर आत नव्याने दाबायला लागत नाही, म्हणून तो अर्धं मोजतो. माझ्या आठवीतल्या भाचीला हे एका वाक्यात कळलं, पुढचा अर्धा तास ती जागची हलली नाही.

– मग ठरलं, फट. भाचीला बीएलजे पण दाखवा.