‘सरवा’ म्हणजे उरलंसुरलं का? (तोरातल्या एका ओळीवरून)

वालाचं_बिरडं :
दर आठवड्याच्या तोरा-पाठावर (तोरा म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली पहिली पाच पुस्तकं) मी घरच्या आणि ओळखीच्या मंडळींसाठी एक पानभर मराठी टिपण लिहिते. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे बेने इस्राएल, म्हणजे आम्ही कोकणातले मराठी ज्यू. काही ठाणे-पनवेलला आहेत. काही इस्रायलला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण वाचायला अजून मराठीच लागते. टिपणाचा रोख एवढाच, की ही शिकवण आज आपल्या घरात, कामात कशी आणायची.

यंदा ‘केदोशीम’ पाठावर अडले. लेवीय (तोरातलं तिसरं पुस्तक) १९:९-१०. माझ्या शब्दांत: ‘जमिनीचं पीक कापाल तेव्हा शेत अगदी कडेपर्यंत कापू नका आणि सरवा वेचू नका. गरिबासाठी आणि परक्यासाठी ते सोडा.’ मराठी बायबलातही इथे सरवाच आहे. तपासणाऱ्या भाच्याने तो खोडून ‘उरलंसुरलं धान्य’ केलं. म्हणाला, मावशी, हा शब्द आता कुणाला कळत नाही.

मला ‘उरलंसुरलं’ सलतंय. उरलंसुरलं आपण आपलं पोट भरल्यावर देतो. इथे मालक जेवायला बसायच्या आधीच तो वाटा त्याचा राहिलेला नाही. हिब्रूत क्रियापदसुद्धा ‘द्या’ नाही, ‘सोडा’ आहे. तेव्हा सरवा ठेवू, की आजचा दुसरा एखादा शब्द आहे?

अष्टागर :
ठेवा! कळत नाही म्हणून काढत गेलो तर भाषेत काय राहील? आमच्याकडे भाताचे भारे खळ्यावर गेले की पोरं टोपली घेऊन खाचरात उतरायची. पडलेल्या लोंब्या वेचायच्या, त्याला सरवाच म्हणत. पायाला खुंट टोचायचे. तो सरवा आमच्या मालकीचा. दुकानात देऊन खाऊ घ्यायचा, मोठी माणसं त्याला हात लावत नसत.

ओंबी :
अष्टागर, लोंबी भाताची, ओंबी गव्हाची, कणीस ज्वारी-बाजरीचं. सरवा मात्र सगळ्यांचा. व्युत्पत्ती मला ‘सरणे’वरून वाटते: पीक सरल्यावर मागे राहतं ते.

शब्दवेडा :
सरणे नव्हे. ‘स्रव’ बघा, गळणं, पाझरणं. कणसातून गळून पडलं तो सरवा. अर्थही चोख बसतो.

ओंबी :
अर्थ बसला म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. स्रवचा मराठीत सरवा झाला हे दाखवायला मधली रूपं लागतील. जुन्या वाङ्मयातला एखादा दाखला आहे का?

शब्दवेडा :
‘सरणे’ला तरी कुठे आहे?

पोथीघर :
मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या परंपरेत यासाठी नेमका शब्द आहे, उंछवृत्ती. शेतात राहिलेली कणसं वेचणं म्हणजे शिल, एकेक दाणा टिपणं म्हणजे उंछ. मनुस्मृतीत या उपजीविकेला ‘ऋत’ म्हटलंय. महाभारतातली मुंगसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. उंछवृत्तीच्या ब्राह्मणाने स्वतः उपाशी राहून अतिथीला सातूचं पीठ वाढलं, त्याच्यापुढे युधिष्ठिराचा अश्वमेध फिका पडला. टिपणात हा शब्द दिलात तर मराठी वाचकाला भाव लगेच पोचेल.

वालाचं_बिरडं :
गोष्ट मलाही फार आवडते, पण भाव उलटा होईल. उंछवृत्ती हे वेचणाऱ्याचं व्रत आहे. त्याची निरिच्छता मोठी, म्हणून तो मोठा. तोरा वेचणाऱ्याच्या गुणांबद्दल अवाक्षर काढत नाही. तो चांगला असो, चिडका असो, आळशी असो, बंधन सगळं शेतवाल्यावर. बायबलातली विधवा रूथ बवाज नावाच्या माणसाच्या शेतात सरवा वेचायला जाते ती व्रत म्हणून जात नाही. घरात सासू आहे आणि खायला काही नाही, म्हणून जाते.

खारेपाट :
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. माझी आजी भूमिहीन. कापणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची आणि कापणी उरकली की सरवा वेचायला. वेचायला मिळेल की नाही हे मालकाच्या मर्जीवर. एका वर्षी पदरात जमवलेल्या लोंब्या तिला बांधावर ओतून टाकायला लावल्या. ओतल्या, आणि मालकाच्या गड्याने त्या गोळा करून नेल्या. आजी हे सांगताना त्या माणसाला शिव्या देत नसे. पदर कसा झटकून दाखवावा लागला, तेवढं हाताने करून दाखवायची.

म्हणून सांगतो, मराठीतल्या ‘सरवा’ शब्दात गरिबाचा हक्क नाही. तो तुम्ही बाहेरून आणून घालताय. अष्टागर यांच्याकडे पोरांचा खाऊ होता कारण शेत त्यांचं होतं.

अष्टागर :
खारेपाट, तुमचं खरं आहे. आमच्या खाचरात बाहेरच्या कुणाला येऊ देत असत का, हे मला आठवत नाही. आईला विचारतो.

दिमोना_वाळवंट :
नमस्कार मंडळी. इथे आमच्या घरी अजून मराठीच चालते. खारेपाट यांच्या आजीबद्दल वाचून मिश्नातलं (तोराच्या आज्ञा उलगडणाऱ्या जुन्या ज्यू संग्रहातलं) कलम आठवलं म्हणून लिहिते.

मिश्नात ‘पेआ’ नावाचा आख्खा ग्रंथ या दोन ओळींवर आहे. पेआ म्हणजे शेताची न कापलेली कड. तोराने तिला माप दिलेलं नाही, पण मिश्ना सांगते की साठाव्या हिश्शाहून कमी सोडू नये. ‘लेकेत’ म्हणजे कापताना हातातून निसटलेलं, म्हणजे तुमचा सरवा. त्यातही एक-दोन कणसं पडली तर लेकेत, एकदम तीन पडली तर ती मालकाची. गरिबांना शेतात दिवसातून तीनदा येऊ द्यायचं, सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना.

आणि आता ते कलम: जो गरिबांना वेचू देत नाही, किंवा एकाला देतो आणि दुसऱ्याला नाही, किंवा त्यातल्या एकालाच मदत करतो, तो गरिबांची लूट करतो. लूट हाच शब्द आहे. आजींच्या पदरातल्या लोंब्या कुणाच्या होत्या, ते यावरून ठरतं.

खारेपाट :
‘एकालाच मदत करतो’ हीसुद्धा लूट? हे पुन्हा वाचलं.

दिमोना_वाळवंट :
हो. आपल्या मर्जीतल्या माणसाकडे कणसं सरकवली की बाकीच्यांचा वाटा आपण वाटायला लागलो. आपल्या हातात वाटप नाहीच. सोडायचं आणि बाजूला व्हायचं.

मुंबई_बाजार :
याला आजचं उदाहरण देतो. धान्यबाजारात गोणी उतरवताना दाणे सांडतात. दुपारी बायका लहान झाडू आणि चाळणी घेऊन येतात, धूळ पाखडून गहू-डाळ वेगळी करतात. प्रत्येक गाळ्याची बाई ठरलेली. तिने गाळा झाडून द्यायचा, बदल्यात सांडलेलं तिचं. नवी बाई आली तर हाकलतात. मला यात कधी वावगं वाटलं नव्हतं, उलट व्यापारी भला वाटायचा. पण दिमोनाताईंच्या कलमाप्रमाणे हे झाडलोटीचं वेतन झालं, ते सरव्यातून कसं देणार?

ओंबी :
मग ते बलुत्याच्या जवळ जातं. बलुतं कामाच्या बदल्यात. खळ्यावर आलेल्याला ओंजळभर घालायचे तो पसाकुडता, तो मात्र मालकाच्या हाताने दिलेला. सरवा या दोन्हीत बसत नाही. मालकाने हात न लावता सोडलेल्या धान्याला आपल्याकडे वेगळं नाव होतं का, हे शोधायला हवं.

शब्दवेडा :
पसा वरूनच पसायदान.

पोथीघर :
नाही हो. प्रसाद, त्याचा पसाय, म्हणून पसायदान. ओंजळीच्या पशाशी त्याचा संबंध नाही.

मराठीच_बरी :
एक तक्रार नोंदवतो. पेआ, लेकेत, मिश्ना, तोरा... टिपण मराठी आहे ना? ‘तोरा’ वाचून मराठी माणसाला तोरा मिरवणंच आठवणार. ‘नियमशास्त्र’ हा रुळलेला शब्द आहे. पेआला ‘कड’, लेकेतला ‘सरवा’ म्हणा, विषय संपला.

दिमोना_वाळवंट :
नियमशास्त्र हा मिशनऱ्यांच्या बायबलातून रुळला. तोरा ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून ‘मोरे’, म्हणजे शिक्षक. शिकवण, दिशा दाखवणं हा त्याचा गाभा. नियम त्यात आहेत, पण नुसते नियम म्हटलं की कोर्टकचेरी डोळ्यांपुढे येते. तसंच ‘हलाखा’चं. त्याला लोक ‘धर्मकायदा’ म्हणतात, पण तो शब्द ‘चालणे’ या धातूचा आहे. मराठीत त्याला ‘चालरीत’ किती सहज बसतं!

मराठीच_बरी :
चालरीत उत्तम. मग तोराला ‘शिकवण’ का नको?

वालाचं_बिरडं :
कारण आमच्या मशिदीत पेटीतून काढतात तो सेफेर तोराच असतो, ‘शिकवणीची गुंडाळी’ कुणी म्हणत नाही. (सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणत आले.) आणि शुद्ध-अशुद्धाचं म्हणाल तर आमच्या वाडवडिलांनी हिब्रू नावं बाजूला ठेवून सणांना मराठी नावं दिलीच होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफालनीचा सण, अनशी दाकाचा सण. उपासांमध्ये बिरड्याचा रोजा. त्यात ‘रोजा’ फारसी, ‘मशीद’ अरबी, ‘बिरडं’ अस्सल कोकणी, आणि तिन्ही आमचेच. कोकणातल्या आमच्या तेल्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. शब्बाथ हा शब्द शेजाऱ्याला माहीत नसेल, बंद घाणा तर दिसतच होता.

ओंबी :
‘दरफालनी’तलं ‘फालनी’ काय? दार लावून घेणं असा अर्थ वाचलाय, पण फालणे हे क्रियापद मला मराठीत कुठे भेटलेलं नाही.

वालाचं_बिरडं :
अर्थ तोच, दारं लावून घरात राहायचा दिवस, योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण. क्रियापदाचं बघावं लागेल.

हिशेबनीस :
मला शेती नाही, पगार आहे. पगाराची कड कुठली? महिनाअखेर जे शिल्लक राहील ते देईन असं ठरवलं की काही शिल्लक राहत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. ‘उरलंसुरलं’ का सलतं ते इथे मला कळलं.

दिमोना_वाळवंट :
अगदी. पुष्कळ घरांत दहावा हिस्सा पगार हाती येताच बाजूला काढतात. आमची आई शुक्रवारी दिवे लावायच्या आधी डब्यात नाणं टाकायची. एखाद्या शुक्रवारी नाणं नसलं तर शेजारणीकडून उसनं घेऊन टाकायची, आणि ते उसनं रविवारी न चुकता फेडायची. इस्रायलमध्ये ‘लेकेत इस्रायल’ नावाची संस्था आहे. स्वयंसेवक शेतात जाऊन न उचललेली भाजी-फळं काढतात आणि गरजूंपर्यंत पोचवतात. म्हणजे लेकेत शब्द आता फ्लॉवर-बटाट्यालाही चालतो.

खारेपाट :
पण तिथे वेचणारा स्वयंसेवक आहे. गरीब शेतात नाही, तो घरी वाट बघतो. पाठीला बाक येत नाही हे चांगलंच. पण शेतात पाय ठेवायचा त्याचा हक्क कुठे गेला?

दिमोना_वाळवंट :
याचं उत्तर माझ्याकडे नाही. विचार करायला लावलंत.

वालाचं_बिरडं :
हिशेबनीस, त्याच अध्यायात चारच ओळी खाली मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको असं आहे, १९:१३. आणि अनुवाद २४:१५ मध्ये, त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. घरकामाच्या बाईला ‘उद्या देते हं’ म्हणणाऱ्या सगळ्यांना (त्यात माझ्या नात्यातलेही आले) हे मी टिपणात ठळक लिहिणार आहे. आजच्या जगण्यात आणायचं तर सुरुवात याच्यापासून. यासाठी शेत लागत नाही.

मराठीच_बरी :
‘अनुवाद २४:१५’ म्हणजे? कुणाचा अनुवाद?

पोथीघर :
पाचव्या पुस्तकाचं मराठी नावच ‘अनुवाद’. संस्कृतात अनुवाद म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं, भाषांतर हा अर्थ नंतरचा. मोशे जुन्या आज्ञा पुन्हा सांगतो, म्हणून ते नाव. ज्याने ठेवलं त्याला संस्कृत उत्तम येत असणार.

वालाचं_बिरडं :
त्याच अध्यायात तिसरा वाटाही आहे, विसरलेली पेंढी. शेतात एखादी पेंढी विसरलात तर ती आणायला परत जाऊ नका. ही आज्ञा ठरवून पाळताच येत नाही, विसरलात तरच पाळली जाते. एका भल्या माणसाच्या हातून अशी पेंढी राहिली, तेव्हा त्याने आनंदाने यज्ञबली अर्पण करायला मुलाला पाठवलं अशी जुनी कथा आहे. मला ही तिन्हींत सगळ्यात जवळची वाटते.

मुंबई_बाजार :
पेंढी की पेंडी? आमच्याकडे भाजीची पेंडी, भाताचा पेंढा.

ओंबी :
गावोगाव दोन्ही. कापलेल्या भाताची मूठ बांधली की पेंढी, अनेक पेंढ्यांचा भारा.

अष्टागर :
आईला विचारलं. ती म्हणते, बाहेरच्या बायका यायच्या, पण आम्हा पोरांचं वेचून झाल्यावर. म्हणजे त्यांना सरव्याचा सरवा. खारेपाट, हे तुम्हाला सांगायला हवं होतं म्हणून लिहिलं.

खारेपाट :
सांगितलंत, बरं वाटलं. आईंना नमस्कार.

वालाचं_बिरडं :
मी ‘सरवा’ ठेवतेय. खाली टीप देईन: ‘कापणीत पडलेली कणसं. तोराप्रमाणे ती मालकाची नव्हेत.’ भाचा टीप लांब झाली म्हणतोय. कुणाला याहून आखूड सुचतं का?

शब्दवेडा :
सुचलं तर लिहितो. तोवर एक शंका. देशावर भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा उकरून काढतात, त्यालाही सरवाच म्हणतात. शेंगा काही गळून पडत नाहीत, तेव्हा ‘स्रव’ची बाजू लंगडी पडते हे मान्य. विदर्भ-मराठवाड्यात काय म्हणतात?

ओंबी :
कापसाचंही विचारून घ्या. शेवटच्या वेचणीनंतर बोंडात राहिलेल्या कापसाला वेगळा शब्द आहे का?