एवढा मोकळा काठ असताना आमच्याच दाराला खेटून गाडी का लावायची?

चाकावरचं बिऱ्हाड

गेल्या वर्षी जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. मागं पलंग, कडेला ओटा, छतावर सोलरच्या दोन पाट्या, खाली १०० लिटरची पाण्याची टाकी. मी आणि बायको, दोघंच फिरतो. म्हैसमाळ झालं, पितळखोरा झालं, नळदुर्गही झालं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गंगापूर तालुक्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, बॅकवॉटरला मुक्काम टाकला. पाणी बरंच मागं सरकलेलं, नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, माणसाचा मागमूस नाही. म्हटलं, हेच शोधत होतो.

साडेसहाला तीन गाड्या आल्या. एक भाड्याची मोठी कॅराव्हॅन, दोन जीप. अख्खा काठ सोडून त्या आमच्या डाव्या अंगाला लागल्या. मी मोजलं, नऊ पावलं. आपल्याकडच्या या गाड्यांचं दार डावीकडं असतं, म्हणजे आमचं अंगण तेच. आमच्या खुर्च्या, चहाचं आधण, वाळत घातलेले कपडे, सगळं त्यांच्या पुढ्यात. पाच मिनिटांत एक काकू मीठ मागायला आल्या. दिलं, डब्यासकट. मग लेकरं आली, "आतून बघू द्या ना." मग लेकरांचे बाप आले. त्यातल्या एकानं पलंगावर बसून गादी दाबून बघितली आणि विचारलं, "फोम कितीचा टाकला?" बायको पडद्यामागं कपडे बदलत होती, ती तिथंच अडकली. पुढं स्पीकर लागला, जनरेटर पावणेबाराला बंद झाला.

तोंडावर काही बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितोय. मोकळ्या जागेत मुक्काम करताना दुसऱ्या गाडीपासून अंतर ठेवावं, बोलावल्याशिवाय दारात जाऊ नये, ही अपेक्षा चूक आहे का?

उस्मानाबादी शेळी

पुण्याचं पाणी लागलं का हो तुम्हाला? मीठ मागितलं म्हणजे ओळख काढली. आमच्या गल्लीत आठवडाभर कुणी मीठ-साखर मागायला आलं नाही तर बाकीच्या बाया बघायला येतात, या घरात भांडण झालंय का म्हणून. त्यांनी तुम्हाला बघून गाडी लावली, कारण तिथं माणूस दिसला. जिथं माणूस दिसतो तिथं जागा चांगली असणार, साप-विंचू नसणार, गाडी फसणार नाही, एवढा साधा हिशोब. तुम्हाला एकांत पाहिजे होता तर घराला आतून कडी लावायची होती. सार्वजनिक काठावर जाऊन सात-बारा दाखवू नका.

रात्रपाळी

शेळीदादा, मिठापर्यंत मी तुमच्या बाजूनं आहे. गादीला थांबले.

परक्याच्या पलंगावर बसून गादी दाबणं ही कुठली ओळख? माझे आजोबा स्वतःच्या वाड्यात शिरताना दारालगतच्या ढेलजेत खाकरायचे. घर त्यांचं, सुना त्यांच्या, तरी खाकरायचे. आतल्या बाईला पदर सावरायला, उठून बसायला तेवढा वेळ मिळायचा. ते काही पुण्याला शिकलेले नव्हते, वैजापूरच्या पुढं कधी गेले नाहीत. व्हॅनला ढेलज नसते म्हणून माणसानं खाकरायचंच नाही का?

डिझेल आणि धूळ

मी १९ वर्षं ट्रॅव्हल्स चालवतोय, आता गॅरेज आहे. आवडनिवड बाजूला ठेवा, नऊ पावलांवर जनरेटर हा जिवाशी खेळ आहे. पेट्रोल जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. वारा तुमच्या खिडकीकडं असेल आणि तुम्ही झोपलेले असाल तर जाग येणारच नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर पित्त समजून कूस बदलू नका, दार उघडून बाहेर या. जनरेटर शेजाऱ्याच्या वाऱ्याच्या बाजूला कधीच ठेवायचा नाही, आणि गाडीच्या पोटाखाली तर मुळीच नाही. चुलीच्या ठिणग्यांचंही तेच. प्रत्येक गाडीत गॅसची टाकी आहे, पडदे आहेत, फोम आहे.

ढाब्यावर आम्ही ट्रक खेटून लावतो, पण मधल्या गाडीचं दार पूर्ण उघडेल एवढी जागा सोडतो आणि पहाटे ज्याला आधी निघायचंय त्याच्या तोंडासमोर लावत नाही. हे कुणी लिहून दिलेलं नाही. क्लीनर असताना दोन शिव्या खाल्ल्या की कळतं.

एकटीच निघते

मी वेगळं सांगते. माझी छोटी व्हॅन आहे, बहुतेक वेळा एकटी असते. मला नऊ पावलं जास्त वाटतात. सुनसान काठावर एकटी गाडी लावून मी झोपूच शकत नाही. मी मुद्दाम बघते, कुठं कुटुंब आहे, कुठं लेकरं खेळतायत, आणि तिथं जाऊन लावते. माणसं कटाक्षानं दूर गेली की मला बरं वाटत नाही, भीती वाटते. अंतराचा आग्रह दोघं असणाऱ्यांना परवडतो.

फक्त एक करते. लावायच्या आधी खाली उतरते, घरातल्या बाईला विचारते, "ताई, मी इथं लावू का? एकटी आहे." आजवर कुणी नाही म्हटलं नाही. एकीनं तर स्वतःची गाडी सरकवून मला मधे घेतलं.

चाकावरचं बिऱ्हाड

ताई, तुम्ही विचारलं असतंत तर आम्हीही सरकलो असतो. आमचा राग विचारलं नाही याचा आहे.

उस्मानाबादी शेळी

मग तसं लिहा की. मथळ्यात "खेटून" लिहिलंय, "न विचारता" नाही.

थंडीत लेकाकडं

दोन हिवाळे मुलाकडं ॲरिझोनात काढले. तिथं क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे, थंडीत आजूबाजूचं वाळवंट या गाड्यांनी भरून जातं. म्हातारी माणसंच जास्त. सरकारी जमीन, अशा ठिकाणी साधारण १४ दिवस राहता येतं, मग हलायचं. तिथला पहिला धडा मला सुनेनं शिकवला. मी पाण्याच्या नळाकडं जाताना सरळ रेषेत दोन गाड्यांच्या मधून निघाले, तर तिनं हात धरून मागं ओढलं. दुसऱ्याच्या जागेतून चालणं म्हणजे त्यांच्या लेखी अंगणातून चपला वाजवत जाणं. कुंपण नाही, रांगोळी नाही, पण हद्द सगळ्यांना ठाऊक.

आखलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये मात्र गंमत वेगळी. तिथल्या गाड्यांचं दार उजवीकडं आणि सांडपाण्याची नळी डावीकडं. ओळीत लावल्या की तुमच्या अंगणासमोर शेजाऱ्याची मोरी! पैसे मोजून मोरीसमोर बसतात. त्यांच्या राष्ट्रीय उद्यानांत रात्री १० ते सकाळी ६ गोंगाटाला बंदी. आपल्याकडं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची वेळ हीच धरलीय, १० ते ६. म्हणजे कायदा परका नाही, पावणेबाराचा जनरेटर मात्र आपला.

पण तिथं मला फार एकटं वाटायचं, हेही सांगते. सगळे हात हलवतात, कुणी मीठ मागत नाही.

उस्मानाबादी शेळी

बघा, आजीच बोलल्या. आपल्यात हे स्पेस-बिस नव्हतंच कधी. मराठवाड्यातला माणूस दाटीवाटीत वाढलेला, त्याला अंतर म्हणजे अपमान वाटतो.

कोपीतलं लेकरू

शेळी, थांब जरा. दाटीवाटीवर मला बोलू दे.

माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर गाव सोडायचं, चार-पाच महिने कारखान्याच्या पट्ट्यात कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात. दोन कोप्यांत एक हात जागा. पलीकडचा खोकला तर कळायचाच, पलीकडची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, किती आणि मुकादमानं काय दम दिला हेही कळायचं. प्रेम होतं, नाही म्हणत नाही. माझ्या बहिणीला शेजारच्या मावशीनंच सांभाळलं, आई फडात असताना.

पण आई पहाटे तीनला उठायची. तोड पाचला असली तरी तीनलाच. का, हे मला दहावीनंतर कळलं. अंधार आहे तोवर अंघोळ उरकायची म्हणून. दोन काठ्या रोवून त्यावर जुनं लुगडं टाकायची आणि आत बसून दोन तांबे अंगावर. एकदा वाऱ्यानं लुगडं उडालं, तर त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. तिला कुणी विचारलं असतं ना, की बाई तुला अंतर अपमान वाटतं का, तर तिनं विळा फेकून मारला असता. आम्हाला स्पेस नको होती असं नाही रे. मिळत नव्हती.

रात्रपाळी

यावर शेळीदादांनी उत्तर देऊ नये अशी विनंती.

उस्मानाबादी शेळी

देत नाही. "कधीच नव्हतं" हे शब्द मागं घेतो. मिठाचं मागं घेत नाही.

मु. पो. गाळपेर

सगळं वाचलं. आता माझं ऐका.

चाकावरचं बिऱ्हाड, तुम्ही "नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, माणसाचा मागमूस नाही" लिहिलंय. ती गाळपेर आहे. १९७६ ला धरण झालं त्यात शंभराहून जास्त गावं उठली, त्यातलं आमचं एक. माझ्या आज्याचं घर तुमच्या समोरच्या पाण्यात आहे. हिवाळा सरला की पाणी उतरतं, तशी आम्ही मागं-मागं जमीन पेरत जातो. वर्षाच्या करारावर मिळती, पैसे भरून. तारेचं कुंपण करता येत नाही, पुढच्या पावसात ते पाण्याखालीच जाणार. बांधही नसतो. कोपऱ्याला दगड ठेवतो, बस.

फेब्रुवारीत तिथं भुईमूग टोकलेला असतो. आठ दिवस तर वरून काहीच दिसत नाही. शहरातला माणूस म्हणतो मोकळं मैदान. आम्ही सकाळी येतो तर चाकोऱ्या पडलेल्या, मधे राख, बाटल्या. चाकाखाली गाळ इतका दबतो की त्यातून मोड वर येत नाही. तुम्ही नऊ पावलं मोजली. कोणाच्या भुईमुगावरून मोजली?

चाकावरचं बिऱ्हाड

तुमची जागा नेमकी तीच होती का?

मु. पो. गाळपेर

ती असो की दुसऱ्याची असो. कामून विचारायलाव? माझी नसली तर बरं वाटंल का?

फ्लेमिंगो मोजणारा

त्यात भर घालतो. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं परवानगीशिवाय आत जाता येत नाही, मुक्काम तर दूरच. हिवाळ्यात हंस, बदकं, चक्रवाक उथळ पाण्याच्या कडेलाच असतात, म्हणजे जिथं यांना खुर्ची टाकायची असते नेमकं तिथं. स्पीकर लावणारे आणि स्पीकरवर रागावणारे, पक्ष्यांच्या बाजूनं बघितलं तर दोघंही सारखेच. हेडलाइट पाण्यावर पडला की थवा उठतो. मी हे रात्री बघितलंय.

एकटीच निघते

मग लावायची कुठं? २०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कागदावर पार्क आहेत, वीज आहे, पाणी आहे. मला मराठवाड्यात फिरताना आखलेली एकही जागा भेटली नाही. मी मंदिराचा भक्तनिवास, पेट्रोल पंप किंवा कुणाचं तरी खळं, यावरच चालवते. खळ्याचे पैसे देते.

डिझेल आणि धूळ

खळं उत्तम. आणि पाण्याचं एक सांगून ठेवतो, कारण माझ्याकडं गाड्या बनवायला येणारे हे विसरतात. एप्रिल-मेमध्ये टाकी शहरातून भरून निघा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकर येणाऱ्या गावात हातपंपाला पाइप लावून १०० लिटर भरणारे मी बघितलेत. बायका घागरी घेऊन मागं उभ्या, आणि हे शॉवर चालतो का तपासतायत. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, पाण्याजवळ रिकामी करणाऱ्यांबद्दल लिहीत नाही, भाषा बिघडेल.

चाकावरचं बिऱ्हाड

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण देता येईना. गाळपेरदादा, तुम्ही विचारलंत त्यावर खरं सांगतो. हो, तुमची नसती तर बरं वाटलं असतं. पक्ष्यांचा बोर्ड मी येताना वाचला होता, आणि वाटलं होतं की दोघंच आहोत, कोण बघतंय.

गादीवाला मात्र मला अजूनही पटत नाही.

मु. पो. गाळपेर

गादीवाला मलाबी पटला नाही. आमच्या कोण्या पोरानं असं केलं असतं तर त्याच्या बापानं तिथंच दिली असती.

पुढल्या वेळी आलाव तर आधी वर वस्तीवर या. चिंचेखाली गाडी लागती, रात्री लाइट असली तर वायर टाकून देतो. पाणी लांबून दिसतं, तेवढं चालवून घ्या. वहिनींना मोरी आहे.

उस्मानाबादी शेळी

एक राहिलंच. मिठाचा डबा परत दिला का त्या काकूंनी, का नेला?

चाकावरचं बिऱ्हाड

दिला. सकाळी दारापाशी ठेवून गेल्या, आम्ही झोपलेलो. आत शेंगदाण्याची चटणी होती. ते लिहायचं राहिलं.