आयसिंग मॉडेल शिकलेल्याला डीप लर्निंगमध्ये खरंच काही हाताशी लागतं का?

प्राजक्ता_एमएस्सी
एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टॅट मेकमध्ये, म्हणजे असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याच्या फिजिक्समध्ये, जीव रमतो. आयसिंग मॉडेल, म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या वर-खाली चुंबकांचं (स्पिन्सचं) जाळं, त्यातलंच. परवा एका मुलाखतीत मी आठवणी साठवणारं न्यूरल नेटवर्क मांडणाऱ्या होपफिल्डचं नाव काढलं, तर समोरचे म्हणाले, "ते इतिहासात ठीक आहे, आज त्याचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. 2024 चं फिजिक्सचं नोबेल होपफिल्ड आणि हिंटन यांना मिळालं तेव्हाही आमच्या वर्गात वाद झाला होता, की यात फिजिक्स आहे कुठे? आज न्यूरल नेटवर्क बांधणाऱ्याला फिजिक्समधलं काय वापरता येतं, की नुसती शब्दांची उसनवारी आहे?

कोडवाला_पिंपरी
दहा वर्षं या कामात आहे, हॅमिल्टोनियन (फिजिक्समधलं ऊर्जेचं सूत्र) एकदाही लिहावा लागला नाही. निम्मा दिवस डेटा साफ करण्यात जातो. मात्र चित्रं काढणारी डिफ्यूजन मॉडेल्स 2015 च्या ज्या पेपरातून निघाली, त्याच्या नावातच थर्मोडायनॅमिक्स आहे. तेवढं खरं.

सांगलीचा_मास्तर
प्राजक्ता, तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. तुझ्या वयाची मुलं रोज समोर बसतात.

होपफिल्डचं 1982 चं मॉडेल म्हणजे प्रत्येक स्पिन दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलेला आयसिंगच. त्यात किती आठवणी मावतात हे 1985 मध्ये अमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की यांनी स्पिन ग्लासची (विस्कळीत चुंबकांच्या अभ्यासातली) रेप्लिका पद्धत वापरून काढलं: न्यूरॉन्सच्या साधारण 0.138 पट. मी हजार न्यूरॉन्स घेऊन पाहिलं. शंभर नमुने भरले तर जवळजवळ अचूक आठवतात, दोनशे भरले की सगळा लगदा. हळूहळू बिघडत नाही, एकदम कोसळतं. फेज ट्रान्झिशन म्हणतात ते हेच.

पण तुझा प्रश्न आजचा आहे. म्हणून आज रात्री एक कर. पन्नास थरांचं जाळं घे, प्रत्येक थरात हजार न्यूरॉन्स, रेलू (ऋण आकड्याला शून्य करणारं फंक्शन), बायस (वरून मिळवायचा आकडा) शून्य. शिकवायचं काही नाही, नुसते रँडम वेट्स (जोडण्यांचे आकडे) टाकायचे आणि सिग्नलच्या वर्गाची सरासरी थरागणिक मोजायची, सुरुवातीला ती 1 धरून. वेट्सचा व्हेरियन्स (पसारा) 1/n ठेवलास, n म्हणजे एका थरातले न्यूरॉन्स, तर ती प्रत्येक थरात निम्मी होते. पन्नासाव्या थरापर्यंत सुमारे 10 चा उणे पंधरावा घात, म्हणजे काही उरतच नाही. 3/n ठेवलास तर दर थराला दीडपट, शेवटी साठ कोटींच्या पुढे. फक्त 2/n ला ती तग धरते, कारण रेलू निम्मा भाग कापतो आणि तो 2 तेवढंच परत भरतो.

हा आकडा 2015 मध्ये कैमिंग हे आणि सहकाऱ्यांनी चित्रं ओळखण्याच्या कामात काढला. त्याचं श्रेय फिजिक्सनं घेऊ नये. पण हा क्रिटिकल पॉइंट, म्हणजे सिग्नल विझणं आणि फुगणं यांमधली सीमा आहे, टॅनएचसारख्या दुसऱ्या फंक्शनला तो कुठे पडतो, आणि तिथे सिग्नल किती खोल जातो, हे 2016 पासून मीन फील्डच्या (एकेकाऐवजी सरासरी परिणाम धरण्याच्या) गणितानं सुटत गेलं. त्याच वाटेनं 2018 मध्ये दहा हजार थरांचं कन्व्होल्यूशनल जाळं, मध्ये कुठलाही आडमार्ग (थर ओलांडून जाणारी जोडणी) न ठेवता, शिकवून दाखवलं. मला त्यात सहसंबंध-लांबी (एका जागेचा परिणाम किती दूर पोचतो ते अंतर) दिसते, जी आपण फळ्यावर काढतो तीच.

त्यापुढचं मला सर्वांत आवडतं. रुंदी, म्हणजे एका थरातले न्यूरॉन्स, अनंत मानली की जाळं आदर्श वायूसारखं सोपं होतं. खरी रुंदी मर्यादित असते, मग 1/n च्या दुरुस्त्या धराव्या लागतात, जशा आपण परस्परक्रिया धरतो. रॉबर्ट्स, याइदा आणि हानिन यांच्या 2022 च्या मांडणीत कळीची राशी निघते खोली (थरांची संख्या) भागिले रुंदी. रुंदी फक्त 10 करून बघ.

प्राजक्ता_एमएस्सी
सर, रात्री दोन वाजेपर्यंत बसले. हजार रुंदीला 2/n वर उत्तर एकच्या आसपास राहतं. रुंदी 10 केली तर बहुतेक वेळा सिग्नल पार बारीक होतो, आणि किती बारीक ते दर वेळी वेगळं, शेकडो पटींनी. एकदा तर थेट शून्य आलं. व्हेरियन्स तर तोच ठेवला होता!

सांगलीचा_मास्तर
शून्य आलं म्हणजे एखाद्या थरात दहाच्या दहा न्यूरॉन्स रेलूनं बंद केले. दहाच असले की हे होतंच. बाकी फरक हा त्या 50/10 चा. आता रुंदी 50, 100, 200, 400 घे, प्रत्येकी शंभर वेळा चालव, शेवटच्या थरातल्या आकड्याचा लॉग काढ आणि त्या लॉगचा व्हेरियन्स खोली भागिले रुंदीसमोर मांड. रेघ सरळ येते का ते इथे टाक. पुढच्या मुलाखतीला तो आलेख बरोबर ने.