जुने फोटो छापखान्यात देण्यापूर्वी
जुन्या फोटोंचे मोबाइलवर टिपलेले फोटो कुलवृत्तान्तात चालतील का, असा प्रश्न आपण विचारला होता; त्यावर मूळ फोटो स्कॅनरवर स्कॅन करावेत, हा इतरांनी सुचवलेला मार्गच योग्य आहे. त्याला थोडी पुस्ती जोडतो. छापील आकारात इंचाला 300 बिंदू लागत असल्याने, फोटो दुप्पट मोठा छापायचा असल्यास तो 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 बिंदू), कृष्णधवल असला तरी रंगीतच स्कॅन करून टिफ (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारी फाइल) स्वरूपात जपावा. पिवळे डाग रंगीत स्कॅनमुळे वेगळे काढता येतात. छपाईचा मॅपलिथो (बिनचकाकीचा, लेप नसलेला) कागद शाई शोषतो आणि सावल्या गडद होतात. आमच्या अमळनेरकडील वाड्याच्या ओसरीवरच्या फोटोत, कपाळापर्यंत पदर ओढलेल्या मागच्या रांगेतील बायकांचे चेहरे नमुनाप्रतीत काळेच उमटले होते, म्हणून मधल्या छटा आधीच उजळून घ्याव्यात. (आजोबांच्या फेट्यात रंग भरण्याचा मोह मात्र टाळलेलाच बरा.) काचेला चिकटलेला फोटो ओढून न काढता काचेसकटच स्कॅन करावा.