चारचौघांत ख्रिस्ताचं नाव घेताना: तुमचे अनुभव

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. उपासनेत उभं राहून साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, कुणी हरकत घेत नाही. खरा कस लागतो तो बाहेर, लोकांसमोर बोट आपल्याकडे वळतं तेव्हा. अशा वेळी काय बोललं गेलं, तुम्ही काय उत्तर दिलंत आणि पुढे काय झालं, ते जसं घडलं तसं लिहा. शेवट गोड नसला तरी चालेल. नावं मात्र नकोत.

*

बाप्तिस्मा घेणार हे घरी सांगितलं आणि काकांनी सगळे नातेवाईक बोलावले. भरल्या घरात मला मध्ये उभं करून विचारलं, “सगळ्यांसमोर सांग, येशूला सोडतोस की नाही?” घसा कोरडा पडला होता. म्हटलं, “काका, तुमचा मान राखूनच सांगतो. नाही सोडत.” वडील उठून आत गेले. दाराची कडी लागल्याचा आवाज मला अजून आठवतो. कित्येक महिने ते माझ्याशी आईमार्फत बोलत होते. मीही वाद घातला नाही. बाजार, वीजबिल, त्यांची औषधं, सगळं आधीसारखंच करत राहिलो. आई दवाखान्यात होती तेव्हा रात्रीची पाळी मीच धरली. वडील आजही चर्चची पायरी चढत नाहीत, पण रविवारी मला झोप लागली तर “उपासना आहे ना तुझी?” म्हणून हाक मारतात. मला हे फार मोठं वाटतं.

*

कामाच्या ठिकाणी मालाच्या साठ्याच्या खोट्या नोंदीवर सही मागितली. नाही म्हटलं तर साहेब भर बैठकीत म्हणाले, “तुझा येशू घरी ठेवून येत जा.” काही जण हसले. सही केली नाही. बढती गेली, बदली झाली, आणि ती बढती पुन्हा आलीच नाही. बायबलमधल्या दानीएलाच्या 3 ऱ्या अध्यायात मूर्तीला नमला नाहीत तर भट्टीत टाकीन अशी धमकी मिळालेले तिघे तरुण राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि पुढच्याच दमात म्हणतात, नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. माझा आधार हा दुसरा भाग आहे.

*

माझ्या साक्षीच्या व्हिडिओखाली शिव्यांचा पाऊस पडला. एका ताईंनी सुचवलं, शिव्या सोड, त्यातले प्रश्न शोध. खरंच होते. “दुःख आहे तर तुझा देव कुठे आहे?” असं विचारणाऱ्या मुलीशी मी आजही बोलते. बायबलमध्ये 1 पेत्र 3:15 मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, पण सौम्यतेने.

*

मी निवृत्त पाळक. तरुणांनो, एक कळकळीने सांगतो. प्रत्येक विरोध ख्रिस्तासाठीच असतो असं नाही. वर उल्लेख आलेल्या पेत्राच्या त्याच पत्रात, पुढच्या अध्यायात म्हटलंय की दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून दुःख ओढवून घेऊ नका, ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका. कुणाच्या श्रद्धेची टिंगल करून मार खाल्ला तर ती साक्ष नव्हे. आणि कायद्याचा आधार घेणं म्हणजे कच खाणंही नव्हे. फटके मारायला बांधलं तेव्हा प्रेषित पौलाने आपलं रोमी नागरिकत्व सांगितलं, पुढे कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, असं प्रभूनेच शिष्यांना सांगितलं होतं.

*

मला धीर येतो तो पंडिता रमाबाईंचा. 1883 साली बाप्तिस्मा घेतला, टीका झाली. 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागारांनी राजीनामे दिले. बाईंनी ना विश्वास सोडला, ना विधवांचं काम.

*

माझी साक्ष अजून पूर्ण व्हायची आहे. आमच्या घरातली प्रार्थनासभा बंद करावी असा ठराव येत्या शनिवारी इमारतीच्या बैठकीत येतोय. गाड्या वाटेत लागतात ही शेजाऱ्यांची तक्रार खरी आहे, ती आम्ही आधीच मिटवली. गाणी आता बिनास्पीकरची. पण घरात प्रार्थना करू नका, हे मी मान्य करणार नाही, आणि ते उभी राहून सांगणार आहे. हात थरथरतात माझे. प्रार्थना करा.

— ताई, बैठक किती वाजता? आम्ही सगळे त्या वेळी प्रार्थनेला बसतो.

— सहा वाजता.